पोशिंदा कोण?

“आत्या, आजोबा म्हणायचे, ‘घर मी एकट्याने ओढलं.’ आजी काहीच करत नव्हती?”

“पहाटे चारला उठून आई अकरा गिरणी कामगारांचं जेवण रांधायची. सगळे गावी बायकापोरं ठेवून आलेले. पैसे पगाराला मिळायचे, तोवर वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर. विचारलं की म्हणायची, ‘मी घरीच असते.’ 1975 साली प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे तो धंदा ठरला.”

“आणि त्या कामगारांच्या बायका?”

“कोकणात भात लावत होत्या. मनिऑर्डर यायची, पण तेवढ्यावर घर चालत नसे. उलट सुट्टीहून येणारा चाकरमानी तांदूळ घेऊन यायचा. म्हणजे बघ, नाव पोशिंद्याचं, पण अख्ख्या कुटुंबाला पुरेल इतका पगार मालकाला द्यावाच लागला नाही.”

“गिरणीत बायका नव्हत्याच?”

“होत्या की! 1920च्या दशकात पाचांत एक, बहुतेक वाइंडिंग-रिळिंगला. साच्यावर, म्हणजे मागावर, पुरुष. पुढे नवी यंत्रं, कपात. त्यात बायकांना रात्रपाळी कायद्याने बंद, आणि 1929पासून बाळंतपणाचा भत्ता मालकाच्या माथी. त्या नकोशा झाल्या. युनियनही त्यांच्यासाठी फारशी भांडली नाही, हे मला अजून खुपतं. बाईची कमाई म्हणजे वरकड, असंच सगळे धरून चाललेले.”

“मग संपात?”

“जानेवारी 1982ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. बायकांनी भाजीच्या पाट्या घेतल्या, धुणीभांडी धरली. आई दादांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, म्हणाली, ‘चार डबे पोचवा.’ दादा म्हणाले, ‘साचेवाला मी, डबे वाहू?’ दिवसभर नाक्यावर बसायचे. रात्री सामसूम झाली की मात्र खालच्या नळावरून पाणी भरून आणायचे. कुणी बघू नये म्हणून.”

“आजीला कळायचं?”

“पिंप भरलेलं दिसायचं ना! ती काही बोलायची नाही. त्यांना हलकं वाटू नये, हेही तिचंच काम.”

“तू तेव्हा कॉलेजात?”

“83ला प्रवेश घेतला. फॉर्म दादांनी भरला. वडिलांचा व्यवसाय : गिरणी कामगार. आईचा : काही नाही.”

“फी?”

“आईने मोजून दिली. सगळ्या दोन-दोनच्या नोटा, हळदीचे डाग पडलेल्या.”