मोटारसायकलच्या हवेची गाळणी : निवड व निगा

अकलूजच्या आसपास नीरेच्या कालव्याखालील गांवांत बैलगाडीचीं पुष्कळशीं कामें आतां मोटारसायकलच करते. दुधाच्या किटल्या, वैरणीचे भारे, खताची गोणी, सर्व तिच्यावर. गाळप हंगाम सुरू झाला म्हणजे यशवंतनगर व माळीनगर येथील कारखान्यांकडे जाणाऱ्या ऊसवाहनांनीं पाणंदींत फुफाटा होतो व मागून येणाऱ्या मोटारसायकलचें इंजिन तोच फुफाटा ओढतें. म्हणून हवेच्या गाळणीचा, म्हणजे मिस्त्री ज्यास एअर फिल्टर म्हणतात त्याचा, विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

एक भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हिशेब केल्यास एका लिटरमागें अदमासें ९,००० लिटर हवा होते. तींतील धुळींत गारगोटीचे कण असतात. ते आंत गेल्यास सिलिंडर व रिंगा झिजतात, इंजिन तेल पिऊं लागतें, निळसर धूर येतो, आणि शेवटीं ब्लॉक-पिस्टनचा खर्च अंगावर पडतो.

गाळण्यांचे प्रकार

पहिली कागदी. ही धुवूं नये. कांहीं गाड्यांत हिच्या कागदास कारखान्यांतूनच तेलाचा लेप दिलेला असतो. तीस हवेचा फवाराही मारूं नये. मुदत भरतांच बदलावी.

दुसरी स्पंजाची. ही धुऊन पुन्हा वापरतां येते. हिचीं छिद्रें धुळीच्या कणांहून मोठीं असतात; धूळ अडते ती त्यांतील चिकट तेलामुळें. जुन्या ट्रॅक्टरांच्या फिल्टरांत तळाशीं तेलाची वाटी असते, तिचें तत्त्व हेंच. म्हणून स्वच्छ धुतलेला परंतु तेल न दिलेला स्पंज मळक्या स्पंजाहूनही घातक समजावा.

तिसरी तेल दिलेल्या सुती कापडाची, तारेच्या जाळींत बसविलेली. ही महाग असते. हिच्यानें गाडीचा जोर वाढतो असें विक्रेते सांगतात. परंतु शंभर-सव्वाशे सी.सी.च्या कामाच्या गाडीस तो फरक जाणवण्याजोगा नसतो. शिवाय हवा जितकी मोकळी, तितका बारीक धूळ निसटण्याचा संभव अधिक.

आमचें मत असें कीं, गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलीच गाळणी घ्यावी. ज्यास वेळेवर धुणें व तेल देणें जमत नाहीं, त्यानें धुण्याजोगी गाळणी मुद्दाम बसवूं नये. पेटी काढून उघडी गाळणी तर कोणीच लावूं नये. ती धुळीस व पावसास थेट सांपडते.

धुण्याची रीत

प्रथम पेटी बाहेरून पुसून मग झांकण उघडावें. गाळणी काढतांच इंजिनाकडील नळीचें तोंड स्वच्छ फडक्यानें झांकावें. स्पंज कोमट पाण्यांत साबणाची पूड घालून दाबून-दाबून धुवावा, पिळल्यास फाटतो. पेट्रोलानें धुण्याची चाल सोडावी, कारण तींत आगीचें भय आहे व स्पंजाचे सांधेही सुटतात. सावलींत पूर्ण वाळल्यावर पुस्तकांत सांगितलेलें तेल सर्वत्र मुरवावें व जास्तीचें तेल तळहातांत दाबून काढावें. हातास ओशट लागावें, पण थेंब गळूं नये.

सुती गाळणी तिच्यासाठीं मिळणाऱ्या द्रवानें भिजवून, नळाच्या मंद धारेनें स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे धुवावी, म्हणजे धूळ आली त्या वाटेनें परत जाते. कॉम्प्रेसरची हवा व कडक ऊन दोन्ही टाळावीं. वाळल्यावर घड्यांवर तेलाची बारीक धार सोडावी, आणि रंग फिका राहील तेथें पुन्हा द्यावी.

बसवितांना पेटी ओल्या फडक्यानें पुसून कोरडी करावी व गाळणीची कड सर्व बाजूंनीं नीट बसली कीं नाहीं तें पाहावें. पुढील खेपेस गाळणीच्या पलीकडील नळींत बोट फिरवावें. धूळ लागल्यास गाळणी फाटली आहे किंवा कड सुटली आहे असें समजावें. उजेडासमोर धरून भोंक दिसलें, अथवा स्पंजाचा भुगा होऊं लागला, तर ती टाकून द्यावी.

पुस्तकांतील किलोमीटरची मुदत चांगल्या सडकेसाठीं असते. गाळप हंगामांत तिच्या निम्म्यावरच गाळणी तपासावी. मात्र तपासणें म्हणजे दर वेळीं धुणें नव्हे. वाळण्यास रात्र लागते. तेवढा वेळ गाडी उभी ठेवणें ज्यास शक्य नाहीं, त्यानें दुसरी गाळणी घरीं ठेवावी. गाळणीवांचून “शेतापर्यंतच” गाडी नेणें हा काटकसरीचा मार्ग नव्हे, कारण सर्वांत अधिक धूळ त्याच वाटेवर असते.