उजेड संपतो तिथं थांबा

महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा. चुनखडीच्या मुलखात पाणी खडक विरघळवत लांबलचक भुयारं तयार करतं, तसं इथं होत नाही. त्यामुळं आपल्याकडची गुहा म्हणजे कड्यातली घळ, एखादी कपार, नाहीतर कधीकाळी खोदलेलं लेणं किंवा कोरडं टाकं. वटवाघळांना ती कोणी खोदली याच्याशी देणंघेणं नाही. अंधार, दमट गारवा आणि नखं रुतवायला खडबडीत छत मिळालं की त्यांची वस्ती होते. गडावर मुक्कामाला गुहा शोधताना आपण बहुतेकदा अशाच वस्तीच्या दारात उभे असतो.

तोंडाशी

आत शिरण्याआधी पाच मिनिटं बाहेर थांबा आणि वर पाहा. छताला किंवा कड्याला आग्यामोहोळ असेल तर त्या गुहेचा नाद सोडा. धूर, अत्तर, डिओ, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. साळिंदराचे काटे, हाडं किंवा ताजे ठसे दिसले तरी माघारी फिरा. बिबट्या आणि तरसही अशा जागा वापरतात. दगडांच्या फटीत हात घालू नका, तिथं फुरसं असू शकतं. भिंतीवर मातीची घरटी दिसली तर ती भिंगऱ्यांची, लांबूनच पाहा.

अर्धवट उजेडात

टॉर्च भिंतीवर तिरका धरा. ठिपक्यांची दांडगी पाल, लांब मिशांचे रातकिडे दिसतील. नशीब असेल तर चपट्या अंगाचा, खेकड्यासारखा आडवा सरकणारा एक कोळीवर्गीय प्राणीही दिसेल. पुढचे चाबकासारखे बारीक पाय फिरवत तो अंधारात चाचपडतो. दिसतो भयंकर, पण त्याला विष नाही आणि नांगीही नाही.

पूर्ण अंधारात

इथं हिरवं पान उगवत नाही, म्हणजे अन्न बाहेरूनच यायला हवं. ते वटवाघळं आणतात. रात्री बाहेर चरायचं आणि दिवसा आत विष्ठा टाकायची, असा त्यांचा क्रम. त्या ढिगावर बुरशी, झुरळं, भुंगेरे जगतात आणि त्यांच्यावर कोळी, गोमी. वटवाघळं उठून गेली की ही सगळी पंगत उपाशी पडते.

गुहेत राहणारी फलाहारी वटवाघळं जिभेनं टकटक आवाज करून प्रतिध्वनीवर वाट काढतात. शांत राहिलात तर तो आवाज ऐकू येतो. बहुतेक कीटकभक्षींचे आवाज मात्र आपल्या कानांच्या पट्टीपलीकडचे.

पाळायचे नियम

वस्ती असलेल्या गुहेत चूल पेटवू नका. धुरानं वटवाघळं भरदिवसा बाहेर पडतात, त्यात पिल्लं खाली पडतात. बहुतेक जातींच्या मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, त्यामुळं हे नुकसान लवकर भरून येत नाही. फ्लॅश मारू नका.

विष्ठेच्या धुळीतल्या बुरशीमुळं फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. तिथं झोपू नका. थांबणं भागच असेल तर चांगला मास्क लावा. मार्च 2020मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडं सापडली. तेव्हा जिवंत असो वा मेलेलं, वटवाघळाला हात लावू नका. त्यांना मारण्याचंही काही कारण नाही. ती किडे खातात, बिया पसरवतात.

एका गुहेचं मोल

बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. रॉटनचं वटवाघूळ या जातीची शास्त्रीय नोंद 1913मध्ये झाली ती तिथल्याच नमुन्यांवरून. जवळपास पूर्ण विसावं शतक या जातीचा जगात दुसरा ठिकाणा माहीत नव्हता. पुढं ती मेघालय आणि कंबोडियात सापडली. हा भाग आता भीमगड अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याच्या परवानगीशिवाय तिकडं पाऊल टाकू नका.

वटवाघळं पाहायचीच असतील तर सूर्यास्ताच्या आधी गुहेच्या तोंडापासून बाजूला, त्यांची वाट मोकळी ठेवून बसा आणि हेडलॅम्प बंद करा. थवा आपणहून बाहेर येतो, त्यासाठी कुणी आत जायची गरज नसते.