बाळंतपणाची तारीख कशी काढतात?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, तारखांची बेरीज-वजाबाकी आपण मुलांना रेल्वेच्या आरक्षणावरून, सुट्टीच्या दिवसांवरून शिकवतो. आज तेच गणित प्रत्येक घरात कधी ना कधी लागणाऱ्या ठिकाणी लावून बघू.

आपल्याकडे म्हणतात, 'नऊ महिने नऊ दिवस'. दवाखान्यात मात्र २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे धरतात. आणि ते मोजायचे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून! गर्भ राहतो साधारण दोन आठवड्यांनी, म्हणजे पहिल्या पंधरवड्यात बाळ पोटात नसतंच. पण गर्भ नक्की कोणत्या दिवशी राहिला हे सहसा सांगता येत नाही, पाळीचा दिवस सांगता येतो, म्हणून मोजणी तिथून.

सोपी रीत नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाते. पाळीच्या पहिल्या दिवसात ७ दिवस मिळवा आणि ९ महिने पुढे जा. समजा पाळी १५ जून २०२४ ला आली. १५ अधिक ७ म्हणजे २२ जून, तिथून ९ महिने पुढे २२ मार्च २०२५. दिवस मोजून बघा, बरोबर २८० भरतात. आता ५ मे घ्या. उत्तर येतं १२ फेब्रुवारी, पण दिवस भरतात २८३. असं का? कारण ५ मे ते ५ फेब्रुवारी या नऊ महिन्यांत २८ दिवसांचा फेब्रुवारी सापडतच नाही. मुलांना हे स्वतः शोधू द्या, मजा येते.

ही रीत २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईसाठी आहे. ३५ दिवसांनी येत असेल तर आणखी ७ दिवस मिळवायचे. पाळी अनियमित असेल, किंवा अंगावर दूध पाजताना पाळी न येताच दिवस गेले असतील, तर हे गणित चालत नाही. तिथे लवकरची सोनोग्राफी लागते.

खरा गोंधळ पुढेच होतो. पहिल्या सोनोग्राफीत एक तारीख, सातव्या महिन्यात दुसरी, नवव्यात तिसरी! घरचे घाबरतात, 'मशीन चुकलं का?' असं विचारतात. तसं नसतं. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजतात. तेव्हा सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात, त्यामुळे अंदाज ५ ते ७ दिवसांच्या फरकाने बरोबर येतो. शेवटच्या महिन्यांत कुणी अंगाने भरतं, कुणी बारीक राहतं, आणि अंदाज तीन आठवड्यांनीही हलू शकतो. म्हणून डॉक्टरांनी सुरुवातीला ठरवलेली तारीख पुढच्या रिपोर्टवरून बदलायची नसते. बदलली तर वाढ खुंटलेलं बाळ 'अजून लहान आहे, तारीख लांब आहे' म्हणून नजरेतून सुटतं. पहिला रिपोर्ट फाईलमध्ये जपून ठेवा, दरवेळी सोबत न्या.

आणि तारीख कळली म्हणजे रेल्वेची वेळ कळली असं नाही. (रेल्वे तरी कुठे वेळेवर येते म्हणा!) नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर बाळ दिवस भरलेलं समजतात, त्याआधी आलं तर अपुऱ्या दिवसांचं. त्यामुळे बॅग, गाडी, पैसे, सोबतीचं माणूस ही तयारी छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत झालेली बरी. ४० आठवडे उलटले तर घरी वाट बघत बसू नका, डॉक्टरांना विचारा. बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर तारीख न बघता लगेच दवाखाना गाठायचा.

या सगळ्या गणिताचा पाया एकच तारीख आहे आणि तीच बऱ्याच जणींना आठवत नाही. 'संकष्टीच्या आसपास आली होती' असं उत्तर येतं. तेही चालतं, कॅलेंडर काढून दिवस सापडतो. पण सातवी-आठवीच्या मुलींना पाळीचा पहिला दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवायला शिकवलं, तर शोधाशोध करावीच लागणार नाही.

वर्गासाठी उदाहरण: पाळीचा पहिला दिवस २ ऑगस्ट, पाळी ३२ दिवसांनी येते. अपेक्षित तारीख कोणती? (उत्तर: १३ मे)