वाळवंटात निघताय? आधी गोळ्यांचा डबा उघडा

नोव्हेंबर उजाडला की वसई-विरारचे व्हॉट्सॲप गट गाड्यांच्या याद्यांनी भरून जातात. कच्छ की जैसलमेर, गाड्या किती, वाळूत टायरमधली हवा किती उतरवायची, दोर कुणाकडे, फावडं कुणाच्या डिकीत. याद्या चांगल्या असतात. गाडीची इतकी काळजी घेणारी माणसं मला आवडतातही. पण गटातल्या कुणाला मधुमेह आहे, रक्तदाबासाठी कोण कुठली गोळी घेतं आणि तंबू ठोकायचा तिथून रुग्णालय किती तासांवर आहे, हे त्या यादीत सहसा सापडत नाही. रुतलेली गाडी दुसऱ्या दिवशीही ओढून काढता येते, आजारी माणसाला तेवढी सवड नसते. म्हणून आज त्या राहिलेल्या नोंदींविषयी.

सुरुवात वाळूपासून नाही, आपल्याच जिल्ह्यातल्या रस्त्यापासून करू. विरार फाट्यावरून भुज साधारण आठशे किलोमीटर आणि जैसलमेर हजाराच्या आसपास. शुक्रवारी दिवसभर नोकरी, रात्री जेवून सामान भरायचं आणि बारा वाजता निघायचं, ही आपली आवडती पद्धत. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकरापर्यंत सतरा तास जागा असतो. इतक्या जागरणानंतर मेंदूची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी मंदावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे घोटभरही न घेता तुम्ही त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत मनोर, चारोटी, तलासरी ओलांडत असता. त्यापेक्षा लवकर झोपा आणि पहाटे पाचला निघा. पहिला मुक्काम वडोदरा किंवा अहमदाबादला करा, एक दिवस ‘वाया’ गेला तरी चालेल. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा मागच्या सीटवरचे दोघे दगावले. दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. त्यानंतर काही दिवस सगळे मागेही पट्टा लावत होते. आता पुन्हा मागच्या सीटवर आजी आडवी झोपलेली असते आणि नातू मधल्या फटीत उभा.

कधी जायचं? नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. शाळेला सुट्टी असते म्हणून मे महिन्यात थरच्या वाळवंटात जाण्याचा बेत कुणी मला सांगितला, तर मी सरळ नाही म्हणतो. जोधपूर-जैसलमेर वाटेवरच्या फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या उन्हात गाडी रुतली तर तो खेळ राहत नाही. ऑक्टोबरही घाईचा. तेव्हा कच्छच्या रणात पावसाचं पाणी अजून असतं आणि वाळवंटातली दुपारही तापलेली असते.

आता पाण्याबद्दल. आपण दमट हवेत वाढलेले लोक. वसईत घाम आला की तो दिसतो, शर्ट पाठीला चिकटतो, आपण आपोआप पाणी मागतो. रणातल्या कोरड्या वाऱ्यात घाम कातडीवर आल्या आल्या उडून जातो, गच्चीवर टाकलेल्या पातळ कपड्यासारखा. अंग कोरडं, हवा सुखद, आणि दुपारपर्यंत शरीरातून लिटरभर पाणी गेलेलं. तहान या हिशेबात मागे पडते, साठी ओलांडलेल्यांची तर फारच. त्यामुळे तहानेवर विसंबू नका, लघवीचा रंग पाहा. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद होऊ लागली तर पाणी कमी पडतंय. पिण्यासाठी माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरा आणि गाडी अडकली तर म्हणून आणखी एका दिवसाचा साठा वेगळा ठेवा. तो साठा हात-पाय धुवायला काढायचा नाही. वाटेतल्या कूपनलिकांचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट असतं, त्यावर तहान भागवू नका.

इथे एक गोष्ट स्पष्टच लिहितो, कारण ती कुणी बोलत नाही. गाडीतल्या बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत. थांबायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही, आणि गाडी चालवणारे ‘आता थेट पालनपूरला’ म्हणून बसलेले. मग तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ आणि ताप. यावर औषध देण्याआधी मी गटातल्या पुरुषांना सांगेन की दर दोन तासांनी थांबायचंच, कुणी मागो न मागो. आडोशासाठी झटकन उभा राहणारा छोटा तंबू बाजारात मिळतो, तो घ्या. दोर आणि फावड्याच्या आधी घ्या.

ओआरएसची पाकिटं भरपूर ठेवा आणि अख्खं पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घाला. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकणं चुकीचं. पाकिटं संपली तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट. खाण्यासाठी आगाशीची सुकेळी बरोबर घ्या. टिकतात, पोटाला सोसतात, पोटॅशियम देतात. मधुमेह असेल तर एखादीच.

आता गोळ्यांचा डबा. रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ अशी अक्षरं असतील, तर बहुतेक वेळा तिच्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. कोरड्या हवेत, कमी पाण्यावर ही गोळी उभं राहिल्यावर चक्कर आणू शकते. मनाने बंद करू नका. निघण्याआधी आठवडाभर तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि सहलीपुरता काही बदल हवा का, ते विचारा. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनीही हाच प्रश्न विचारायचा. ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, पाणीही बरोबर जातं, आणि उलट्या-जुलाब सुरू असताना ती चालू राहिली तर रक्तात घातक आम्ल साठू शकतं. उलटी-जुलाब झाले तर काय थांबवायचं, हे कागदावर लिहून घ्या. रणात फोनला रेंज मिळेलच असं नाही.

सर्वांत जास्त मला भीती वाटते ती साध्या वेदनाशामक गोळीची. दिवसभर खड्ड्यांतून आदळून कंबर धरते, कुणीतरी पर्समधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन काढून देतं. टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी, लघवीची गोळी, वेदनाशामक आणि वर शरीरात पाण्याची तूट, हे सगळं एकाच माणसात जमलं की मूत्रपिंडावर घाला पडतो आणि दोन दिवस कळतही नाही. कंबरेसाठी पॅरासिटामॉल, शेक आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती, एवढंच.

इन्सुलिन गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा कप्प्यात ठेवू नका. बंद गाडी हिवाळ्यातही उन्हात भट्टी होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छोट्या मडक्यात ठेवा आणि मडक्याभोवती ओलं फडकं गुंडाळा. ही युक्ती दमट वसईपेक्षा कोरड्या जैसलमेरात जास्त चांगली चालते. बर्फाला मात्र थेट चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं.

जैसलमेरजवळच्या सम आणि खुडीच्या टेकड्यांवर उघड्या जीपमधून उभ्याने, दांडी धरून वाळूवर उसळ्या घेण्याचा धंदा जोरात असतो. टेकडीच्या माथ्यावरून गाडी हवेत जाते आणि आदळते तेव्हा सगळा झटका पाठीच्या मणक्यांवर येतो. पन्नाशी उलटलेल्या स्त्रिया, बराच काळ स्टेरॉइड घेणारे, मणक्याची गादी सरकलेले आणि गर्भवती यांनी खाली थांबून फोटो काढावेत. बाकीच्यांनी बसून, पट्टा लावून. पट्टा नसेल त्या जीपमध्ये चढू नका.

पांढऱ्या रणात स्वतःची गाडी मिठावर घालण्याचा मोह अनेकांना होतो. मिठागरं पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको की वरचा थर कडक दिसला तरी खाली चिखल असतो. गाडी रुतली तर भर दुपारी मदतीच्या शोधात पायी निघू नका. गाडी लांबून दिसते, एकटा माणूस दिसत नाही. सावली करून गाडीपाशीच थांबा. पांढऱ्या मिठावरून ऊन उलटं येऊन डोळ्यांवर, हनुवटीखाली, नाकपुड्यांतही लागतं. त्यामुळे चांगला गॉगल लहान मुलांनाही हवा. कोरड्या हवेने मुलांचा घोळणा फुटतो. अशा वेळी मुलाला मान मागे टाकून झोपवू नका. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. निघाल्यापासून रोज रात्री नाकात थोडं व्हॅसलीन लावलं तर बहुधा ती वेळ येत नाही.

उन्हाने कुणी बरळू लागला, तोल जाऊ लागला, अंग चटके बसावेत असं तापलं, तर तो उष्माघात. तिथे पॅरासिटामॉल निरुपयोगी असतं. सावलीत आणा, कपडे काढा, अंगावर पाणी शिंपडत जोरात वारा घाला, मान आणि काखेत गार फडकी ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. आधी थंड करणं, मग गाडीत घालणं, हा क्रम लक्षात ठेवा.

रात्र हे वेगळंच प्रकरण. दुपारी पंचवीस अंश असलेलं जैसलमेर पहाटे पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं. आपल्याकडे लोकरी कपडे असतात ते लग्नात मिरवण्यापुरते. मग कुणीतरी शेकोटीतले निखारे पाटीत घेऊन तंबूत आणतो. हे कधीही करू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणंही तसंच घातक, विशेषतः मागचा धूर सोडणारा पाइप वाळूत गाडला गेला असेल तर. एकाच तंबूतल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं, तर थंडी म्हणून दार बंद करू नका, सगळ्यांना बाहेर काढा. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. ती कातडीच्या रक्तवाहिन्या सैल करून आतली उष्णता बाहेर घालवते. गुजरातेत हा प्रश्न कायद्यानेच मिटवला आहे, निदान कागदावर.

जमिनीवर झोपू नका. थरमधले लोक ‘पीवणा’ नावाच्या सापाविषयी सांगतात, जो रात्री छातीवर बसून माणसाचा श्वास पिऊन टाकतो. यामागे आहे मण्यार. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूण दिसत नाही, आणि पहाटे पोटात कळ, पापण्या जड, मग श्वास बंद. थंडीत साप कमी फिरतात, तरी खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी यांना पर्याय नाही. फुरसं तर आपल्याही ओळखीचं. पश्चिम राजस्थानातल्या फुरशाच्या विषावर आपली नेहमीची प्रतिविषं पुरेशी लागू पडत नाहीत, असं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. त्यामुळे तिथे रुग्णालय गाठण्यात एक मिनिटही वाया घालवू नका. कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं काही नको. तो अवयव हलवू न देता निघा.

विंचवाबाबत आपल्या कोकणाने जगाला शिकवलं आहे. लाल विंचवाच्या दंशात हृदय कसं कोसळतं आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यावर कसं उपयोगी पडतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नुसती वेदना असेल तर बर्फाचा शेक. पण उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार, अशी लक्षणं दिसली, विशेषतः मुलात, तर तडक रुग्णालय. प्राझोसिन तिथल्या डॉक्टरांनी द्यायचं, तुम्ही नव्हे. सकाळी बूट झटकूनच घाला.

निघण्याआधी एका कागदावर लिहा: भुजचं जी. के. जनरल हॉस्पिटल, जैसलमेरचं जवाहिर हॉस्पिटल, जोधपूरचं एम्स, आणि प्रत्येक मुक्कामापासून तिथे पोचायला लागणारे तास. १०८ दोन्ही राज्यांत चालतो. मुक्काम चार तासांपेक्षा लांब असेल, तर हृदयविकार असलेल्या माणसाने त्या रात्री शहरात झोपावं, बाकीच्यांनी खुशाल तारे बघावेत.

आणि परत आल्यावर महिनाभरात थंडी वाजून ताप आला, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी बसू नका. कालव्याचं पाणी पोचल्यापासून थरमध्ये मलेरियाही पोचला, १९९४ मध्ये तिथे मोठी साथ आली होती. रक्त तपासून घ्या, आणि कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा.