हेलियमचा शोध कोणी लावला?

विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि सांगतात, 'लॉक्यर साहेबाने इथेच हेलियम शोधला.' १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया आपल्या कोकण किनाऱ्यावरून थेट मच्छलीपट्टणपर्यंत गेली, हे खरे. पण नॉर्मन लॉक्यर त्या दिवशी इंग्लंडात होते!

मग शोध कोणाचा? गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन, जमखिंडीला हर्शेल, मच्छलीपट्टणला पॉगसन असे अनेकजण वर्णपटदर्शक लावून बसले होते. ऐन पावसाळा. जमखिंडीला ढग आडवे येत होते. एकाच ठिकाणी सगळे बसले असते आणि तिथेच आभाळ भरून आले असते तर? सौरज्वालांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांत एक पिवळी होती. ती सोडियमची, असे बहुतेकांना वाटले. त्यात नवल नाही. मिठाचा कण ज्योतीत टाकून पाहा, तसाच पिवळा रंग दिसेल.

जान्सेनना दुसरेच सुचले. रेषा इतक्या ठळक आहेत, तर ग्रहण नसतानाही दिसतील. दुसऱ्या दिवशी त्या दिसल्या. लॉक्यर यांनाही हीच कल्पना आधीपासून सुचली होती, पण हवे ते उपकरण त्यांच्या हाती ऑक्टोबरात आले. २० ऑक्टोबरला त्यांनाही रेषा दिसल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी आली, आणि पुढे फ्रान्सने एकाच पदकावर दोघांच्या मुद्रा कोरल्या.

लॉक्यर यांनी पिवळी रेषा नीट मोजली. आजच्या मापात सांगायचे तर सोडियमच्या जोडरेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही मात्र ५८७.६ वर. पण लॉक्यर रसायनशास्त्रज्ञ नव्हते. म्हणून एडवर्ड फ्रँकलंड यांना सोबत घेऊन त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनचा दाब कमीजास्त करून पाहिला. ही रेषा काही उमटेना. लॉक्यर नव्या मूलद्रव्याकडे झुकले, फ्रँकलंड मात्र ते मानायला कचरत होते. मला या जोडीत फ्रँकलंड अधिक मोलाचे वाटतात. शंका घेणारा सोबती असला म्हणजे मोजमाप पुन्हा करावेच लागते. (प्रात्यक्षिकाच्या तासाला चौघांनी एकाच वहीतली निरीक्षणे उतरवून घेणे याला आम्ही शिक्षकही कधीकधी गटकार्य म्हणतो, ते सोडा!)

पुढे पाव शतकाहून अधिक काळ हेलियम केवळ सूर्यावरच राहिला. १८९५ साली विल्यम रॅम्से अरगॉनच्या शोधात होते. एका युरेनियमयुक्त खनिजातून निघणारा वायू पाहा, असे त्यांना ब्रिटिश म्युझियममधील खनिजतज्ज्ञ मायर्स यांनी सुचवले. अमेरिकेतील हिलेब्रँड यांना तो वायू नायट्रोजन वाटला होता. रॅम्सेंनी क्लीव्हाइट हे खनिज आम्लात टाकले आणि निघालेल्या वायूत एक अनोळखी पिवळी रेषा दिसली. स्वतःच्या मोजणीवर विसंबून न राहता त्यांनी वायूचे नमुने लॉक्यर आणि विल्यम क्रुक्स यांच्याकडे धाडले. क्रुक्स यांनी रेषेचे स्थान मोजले. ती सूर्यावरचीच निघाली.