पाण्याचे माप गावाच्या हाती

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पावसाचे मान फार विषम आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत आले की तो ५०० मि.मी.च्या आसपास उतरतो. तोही थोड्या दिवसांत, मोठ्या सरींनी पडतो आणि मध्ये दीर्घ खंड पडतात. १९७२ चा दुष्काळ जुन्या मंडळींच्या स्मरणात आहे. २००३ आणि २०१२-१३ मध्ये जनावरांच्या छावण्या पुन्हा पाहाव्या लागल्या.

पाऊस आपल्या हाती नाही. परंतु पडलेला पाऊस किती, तो कोठे थांबतो, विहिरीत किती शिल्लक आहे आणि त्यावर कोणते पीक निघेल, हे मोजणे मात्र गावाच्या हाती आहे. ज्या गावांनी हे मोजमाप शिकून घेतले आणि त्यावर नियम ठरवले, त्यांचे पाणी टिकले. म्हणून बांध-बंधाऱ्यांइतकेच हे शिक्षणही महत्त्वाचे आहे.

जमीन का निकस होते?

मोठ्या सरीचा थेंब उघड्या जमिनीवर आदळला की मातीचे कण सुटे होतात. उताराला आडवी मशागत नसेल तर हे कण पाण्याबरोबर ओढ्याला लागतात. सर्वांत आधी वाहून जाते ती वरची सुपीक माती. सेंद्रिय पदार्थ आणि अन्नद्रव्ये तिच्यातच असतात. खाली मुरूम उघडा पडतो. मुरमाड जमिनीत ओल धरून ठेवण्याची ताकद कमी असल्याने पुढे दोन आठवड्यांच्या खंडातही पीक सुकते. म्हणजे दुष्काळ आणि जमिनीची धूप हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. माती गेली की तेवढ्याच पावसात दुष्काळ लवकर जाणवतो.

येरळाकाठचा अनुभव

खटाव तालुक्यातून निघालेली येरळा नदी पुढे सांगली जिल्ह्यात कृष्णेला मिळते. १९८० च्या दशकात तिच्या पात्रातील वाळूचा मोठा उपसा होत होता. पात्रातील वाळू पाणी धरून ठेवते आणि ते पाणी काठच्या विहिरींना मिळते. वाळू गेली की विहिरी आटतात. खानापूर भागातील बलवडी आणि तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी डॉ. भारत पाटणकर यांच्या मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने या प्रश्नावर लढा दिला. गावाने मर्यादित वाळू स्वतः विकून त्या पैशातून व श्रमदानातून नदीवर ‘बळीराजा स्मृती धरण’ उभे केले. अभियंते के. आर. दाते यांचे तांत्रिक मार्गदर्शन त्यांना लाभले.

या कामातील विशेष गोष्ट म्हणजे पाणीवाटपाचा नियम. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न वाटता कुटुंबावर वाटायचे, भूमिहीनांनाही हिस्सा द्यायचा आणि हे पाणी उसाला वापरायचे नाही, असे ठरले. उसाला मनाई का, हे पुढील हिशोबावरून ध्यानात येईल.

पाण्याचा ताळेबंद

एक आकडा पाठ करावा. एक हेक्टरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी.

उदाहरणादाखल १,००० हेक्टर शिवाराचे, २,००० लोकवस्तीचे आणि १,००० मोठ्या जनावरांचे गाव घेऊ. पाऊस ४५० मि.मी. धरू.

१) शिवारात पडलेले एकूण पाणी : ४५ लाख घनमीटर. यातील मोठा भाग बाष्पीभवनाने, पिकांच्या वापराने व वाहून जाऊन खर्च होतो.

२) माणसांची गरज (दररोज माणशी ५५ लिटर) : वर्षाला सुमारे ४०,००० घनमीटर.

३) जनावरांची गरज (दररोज ५० लिटर) : वर्षाला सुमारे १८,००० घनमीटर.

दोन्ही मिळून ५८,००० घनमीटर होतात. आता सरीतून मोकाट पाणी दिलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाकाठी २०,००० घनमीटर पाणी लागते असे धरले, तर तीन हेक्टर ऊस म्हणजे सगळ्या गावाचे आणि जनावरांचे वर्षाचे पिण्याचे पाणी झाले. याउलट रब्बी ज्वारीला ८ सें.मी.ची एक संरक्षित पाळी द्यायची तर हेक्टरी ८०० घनमीटर पुरतात. म्हणजे एक हेक्टर उसाच्या पाण्यात २५ हेक्टर ज्वारी एका पाळीवर वाचते. ठिबक सिंचनाने उसाचे पाणी बरेच कमी होते, तरीही ते ज्वारीच्या कितीतरी पट राहते.

हा हिशोब ऑक्टोबरअखेर ग्रामसभेत फळ्यावर मांडावा. त्यासाठी दोन नोंदी लागतात. पहिली, गावातील पर्जन्यमापकावर रोज सकाळी ठरलेल्या वेळी घेतलेली पावसाची. दुसरी, शिवाराच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागांतील आठ-दहा विहिरींच्या पातळीची. दर महिन्याच्या एक तारखेला पंप सुरू करण्यापूर्वी विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. शाळेतील मुले हे काम उत्तम करतात.

समपातळी काढण्याची नळी

उतारावरील कामे फसण्याचे मुख्य कारण म्हणजे अंदाजाने आखलेले चर. चर समपातळीत नसेल तर पाणी सखल टोकाला गोळा होते, बांध फुटतो आणि ओघळ पडते. हे टाळण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही.

दीड मीटर उंचीच्या दोन काठ्या घेऊन त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात. सुमारे १२ मीटर लांबीची पारदर्शक नळी दोन्ही काठ्यांना बांधून तीत पाणी भरावे. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. दोन्ही काठ्या एकाच जागी उभ्या करून पाण्याची पातळी सारखी दिसते का, ते पाहावे. नंतर एक काठी खुंटीजवळ ठेवून दुसरी उताराला आडव्या दिशेने दूर न्यावी. दोन्हीकडे एकच आकडा येईपर्यंत ती वर-खाली सरकवावी आणि तेथे खुंटी ठोकावी. अशा खुंट्या जोडल्या की समपातळी रेषा मिळते. उतार काढायचा असेल तर काठ्या उताराच्या दिशेने १० मीटर अंतरावर धराव्यात. दोन आकड्यांत ३० सें.मी. फरक आला तर उतार ३ टक्के समजावा.

पडीक माळावर या रेषेवर ६० सें.मी. रुंद व ३० सें.मी. खोल सलग समतल चर खोदावा. माती उताराच्या बाजूस टाकून त्यावर गवत व झाडे लावावीत. असा १०० मीटर चर एकदा भरला की १८,००० लिटर पाणी अडते. कामे माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे न्यावीत. माथा मोकळा ठेवून नाल्यावर बंधारा बांधला तर तो गाळाने लवकर भरतो.

पाणी फाउंडेशनने २०१६ साली वॉटर कप स्पर्धा सुरू केली, तेव्हा गावकऱ्यांना आधी अशाच मोजमापाचे व उपचारांचे प्रशिक्षण दिले आणि मग श्रमदान झाले. त्या पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातील वेळू गाव प्रथम आले. २०१८ मध्ये हा मान माण तालुक्यातील टाकेवाडीने मिळवला.

वावरातील ओल

माळावरील कामाबरोबर प्रत्येकाने आपल्या रानात पुढील गोष्टी कराव्यात.

१) रब्बी ज्वारीच्या रानात जुलैमध्ये उतारानुसार साधारण १० मीटर लांबी-रुंदीचे वाफे बांधून पाऊस जागीच मुरवावा.

२) जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण निवडावा. हलक्या जमिनीस फुले अनुराधा, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा, भारी जमिनीस फुले वसुधा किंवा फुले यशोदा घ्यावा. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात उताराला आडवी करावी.

३) पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. तिसऱ्या कोळपणीस दातेरी कोळपे वापरावे. भेगा बुजल्या की ओल टिकते.

पाणी आल्यावरही माप हवेच

ताकारी, टेंभू व म्हैसाळ योजनांचे पाणी दुष्काळी भागात पोहोचू लागले आहे. येथे कृष्णाकाठचा धडा विसरू नये. वाळवा, पलूस, मिरज भागात भारी जमिनींना मोकाट पाणी व निचऱ्याचा अभाव यांमुळे मोठे क्षेत्र क्षारपड झाले. धुपीने माळ गेले, तर अतिपाण्याने मळई गेली.

जमिनीवर पांढरे फूल दिसताच माती तपासून घ्यावी. विद्राव्य क्षार जास्त पण सामू ८.५ पेक्षा कमी असेल तर चर किंवा सच्छिद्र पाइपने निचरा करून क्षार धुवून काढावेत. अशा क्षारयुक्त जमिनीत जिप्सम टाकून उपयोग होत नाही. सामू ८.५ हून अधिक व विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांवर असलेल्या चोपण जमिनीतच तपासणीनुसार जिप्सम द्यावे, आणि तेथेही निचरा आवश्यक आहे. मार्गदर्शनासाठी कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राशी संपर्क साधावा.

पहिले पाऊल

येत्या पावसाळ्यापूर्वी गावातील चार-पाच तरुण-तरुणींनी नळीची पातळी, पर्जन्यमापक आणि विहिरीची नोंद ही तीन कामे शिकून घ्यावीत. एक पावसाळा नोंदी ठेवाव्यात आणि ऑक्टोबरअखेर ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवावा. त्या आकड्यांवर रब्बीत किती विहिरींनी कोणते पीक घ्यायचे आणि पिण्यासाठी कोणत्या विहिरी राखायच्या, हे सर्वांनी मिळून ठरवावे. नवी बोअर घेण्यापूर्वी हा फळा एकदा जरूर वाचावा. जमिनीखालचे पाणी शेजाऱ्याचे आणि आपले वेगळे नसते.