दरडींचा धोका : विद्यार्थ्यांसाठी पहिला पाठ

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी सकाळी माळीण गावावर दरड कोसळली आणि १५१ जणांचा बळी गेला. त्यानंतर रायगड जिल्ह्यात २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये व १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथील वस्त्या अशाच गाडल्या गेल्या. तिन्ही दुर्घटना जुलै महिन्यातील, अतिवृष्टीच्या काळातील आहेत. डोंगराळ भागातील शाळांत आपत्ती व्यवस्थापनाचा पहिला पाठ म्हणूनच दरडीपासून सुरू व्हावयास हवा.

दरड का कोसळते?

सह्याद्रीच्या उतारांवर काळ्या कातळावर माती व मुरूम यांचा थर असतो. संततधार पावसात पाणी मुरून हा थर जड होतो, त्याची पकड सैल होते व तो खाली घसरतो. वृक्षतोडीमुळे मुळांची बांधणी नाहीशी होते. पायथा खणल्याने उताराचा आधार जातो. पाऊस मनुष्याच्या हाती नाही. वृक्षतोड व खोदकाम मात्र त्याच्या हाती आहे. धोका कमी करणे म्हणजे जे हाती आहे ते वेळीच सांभाळणे होय.

ओळखावयाची चिन्हे

उतारावर नव्या भेगा पडणे, झाडे वा खांब कलणे, भिंतींना तडे जाणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, भर पावसात ओढ्याचे पाणी अचानक घटणे ही धोक्याची चिन्हे होत. प्रत्येक वेळी ती दिसतीलच असे नाही. पण दिसल्यास दुर्लक्ष करू नये. गुरांमागे डोंगरावर जाणाऱ्या मुलांच्या नजरेस ती पुष्कळदा आधी पडू शकतात.

शाळा व पंचायत

पावसाळ्यापूर्वी शिक्षकांनी जाणत्या ग्रामस्थांसह शिवारफेरी काढावी. उताराखालील घरे, ओढे, सुरक्षित जागा व तेथे जाण्याची वाट यांचा नकाशा विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. पाऊस सुरू असता भेगा पाहण्यासाठी कोणीही उतारावर जाऊ नये, हेही बजावावे.

मुलाने सांगितलेली भेग त्याच दिवशी पंचायतीच्या नोंदवहीत लिहिली जावी व तलाठी, तहसीलदार यांना कळवली जावी. शंका असल्यास वस्तीने अंधार पडण्यापूर्वीच स्थलांतर करावे. दरड आली नाही, तर एका रात्रीची गैरसोय होईल. आली, तर सारी वस्ती वाचेल. म्हणून अशी सूचना चुकीची ठरली, तरी त्या मुलास कोणी हसू नये.